पोरगं पर्मनंट हाय का?

यंदाच्या लग्नसराईत केज तालुक्यातल्या एका गावी सोयरिकीच्या बैठकीला गेलो होतो. मुलगा आमच्याकडचा, माझ्या चुलतबहिणीचा. आयटीआय झालेला, वाळूजला एका कंपनीत मशीनवर. पत्र्याच्या शेडखाली सतरंज्या, कूलरचा घरघराट, त्यातून येणारा वाळ्याचा ओला वास आणि स्टीलच्या प्लेटांत गार होत चाललेले पोहे. पगार विचारून झाला, शेती विचारून झाली, विहिरीला पाणी कुठल्या महिन्यापर्यंत टिकतं हेही विचारून झालं. मग मुलीच्या मामांनी टोपी जराशी मागं सरकवली आणि म्हणाले, "ते समदं ठीक हाय पाव्हणं. पोरगं पर्मनंट हाय का?" मुलगा प्लेटीतल्या शेंगदाण्यांकडं बघू लागला. त्याचे वडील म्हणाले, "होईल की. सायेब लोकं म्हणलेत तसं." माझा पुतण्या टेक्सासहून सुट्टीवर आलेला, शेजारीच बसला होता. त्याला वाटलं आपण मदत करावी. "मामा, आमच्याकडं अमेरिकेत तर कुणीच पर्मनंट नसतं." मामांनी त्याच्याकडं खरंच काळजीनं बघितलं आणि विचारलं, "मंग तिकडं लग्नं कशी जमत्यात?"

हशा झाला आणि वेळ निभावली. पण परतीच्या वाटेवर ही दोन्ही पोरं गाडीत मागं बसून बोलत होती, ते ऐकून माझं हसू गेलं. वाळूजचा सांगत होता की त्याला ब्रेक देतात. म्हणजे सहा-सात महिने झाले की एके दिवशी गेटवर कार्ड चालत नाही, वॉचमन ठेकेदाराला भेटायला सांगतो, आणि काही आठवडे रांजणगाव शेणपुंजीच्या खोलीत पडून राहिल्यावर दुसऱ्या ठेकेदाराच्या नावानं तेच मशीन पुन्हा हातात येतं. कारण आपल्या औद्योगिक विवाद कायद्यानं म्हणून ठेवलं होतं की वर्षात 240 दिवस काम केलेल्या कामगाराला काढायचं तर एक महिन्याची नोटीस द्या आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागं 15 दिवसांचा पगार द्या. कायदा 240 वर सुरू होतो म्हटल्यावर माणूस त्याच्या अलीकडंच थांबवायचा, हे गणित कुणालाही जमतं. त्यावर टेक्सासचा म्हणाला, आमच्या टीममधल्या काही जणांना सकाळी व्हिडिओ कॉलवर बोलावलं, चहा गार व्हायच्या आत कॉल संपला आणि लॅपटॉप बंद झाले. त्यातले जे त्याच्यासारखे व्हिसावर होते, त्यांना नवी नोकरी शोधायला 60 दिवस, नाहीतर देश सोडा. दोघांच्या पगारात जमीन-अस्मानाचं अंतर. तरी घालवायचं ठरलं तर दोघांनाही एका संध्याकाळीच घालवता येतं, आणि दोघंही हे हवामानाबद्दल बोलावं तसं बोलत होते.

गाडी चालवणारा मी मात्र पर्मनंट. शाळेला जोडलेल्या अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. मला 1977 च्या खाजगी शाळा कर्मचारी कायद्याचं कवच आहे. परिविक्षेची दोन वर्षं झाली की कायम. काढायचं तर आरोपपत्र, चौकशी समिती, त्यावर शाळा न्यायाधिकरणात अपील. पोरं कमी झाली, तुकडी तुटली, तर मी 'अतिरिक्त' ठरतो आणि माझं कुठंतरी समायोजन होतं. पगार चालू राहतो. माझ्या बाजूच्या खुर्चीवर बसणारा तरुण घड्याळी तासिकेवर आहे. तोच विषय, तोच फळा, पोरं तीच, बऱ्याचदा माझ्याहून बरं शिकवतो. जूनमध्ये त्याला बोलावतील की नाही हे त्याला मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत ठाऊक नसतं. आम्ही दोघं एकाच किटलीतला चहा पितो. पैसे बहुतेक वेळा मीच देतो, आणि तेही आता दोघांनाही अवघड वाटेनासं झालंय.

लहानपणी नोकरीची पहिली हमी मी पाहिली ती आमच्या सालगड्याची. पाडव्याला साल ठरायचं. ओसरीवर वडील, सालगडी आणि दोघांच्या ओळखीचा एखादा म्हातारा माणूस बसायचा. ज्वारी किती पोती, रोख किती, धोतरजोडी, पायताण, दिवाळीला काय, आजारी पडला तर किती दिवस धरायचे, सगळं तोंडी. एकदा ठरलं की पुढच्या पाडव्यापर्यंत मालकानं काढायचं नाही. वैशाखात काम नसलं तरी ज्वारी चालू. गावात एखाद्यानं मधेच गडी काढला तर पुढच्या वर्षी त्याच्याकडं कुणी साल धरत नसे. शाळा न्यायाधिकरणापेक्षा हे बरंच स्वस्त होतं. पण त्याची दुसरी बाजू मला फार उशिरा दिसली. सालगडीसुद्धा मधेच सुटू शकत नव्हता. पाडव्याला त्यानं उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असायची, पोरीच्या लग्नाला, नाहीतर आधीच्या मालकाची बाकी फेडायला. ती फिटेपर्यंत त्याची नोकरी अगदी पक्की होती. आता आमच्या भागात सालाचा आकडा लाखाच्या वर गेला तरी गडी मिळत नाही, आणि वडिलांच्या वयाची माणसं पारावर बसून "आता कुणाला काम नको" म्हणतात. माणसांना काम हवंय, बांधून घ्यायचं नाही, एवढंच.

ऊसतोडीत हेच अजून उघडं दिसतं. धारूर, वडवणी, केज या पट्ट्यातून दसरा-दिवाळीनंतर बैलगाड्या, ट्रॅक्टर निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि त्या कोयत्याची उचल मुकादमानं आधीच दिलेली. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, त्यांना फडातून कुणी काढत नाही. जाऊही देत नाही. नोकरी जाईल ही भीती आपण शहरात राहून जगातली सगळ्यात जुनी भीती समजतो, पण कायद्याची जुनी पुस्तकं उलटच सांगतात. सरकारं आधी घाबरली ती मजूर निघून जाईल म्हणून. इंग्लंडमध्ये प्लेगनं माणसं मेली, मजूर कमी पडले, तेव्हा 1351 चा कायदा आला: जुन्याच मजुरीवर काम करा, मुदतीआधी मालक सोडू नका. इंग्रजांनी आपल्याकडं 1859 साली कायदा केला, त्यात उचल घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला मॅजिस्ट्रेट कामावर परत जायला लावू शकत होता, आणि ऐकलं नाही तर तुरुंग. तो 1925 मध्ये रद्द झाला. आपला मराठवाडा निजामाकडं, तो कायदा इथं नव्हताच. मुकादमाला तो लागलाही नाही.

तेव्हा वेगवेगळ्या देशांत नोकरीच्या संरक्षणाचे कायदे इतके वेगळे का, याचं माझ्यापुरतं उत्तर मला या ओसरीवरून मिळायला लागलं. कायदा करताना तिथली माणसं कशाला भ्यालेली होती आणि नोकरी गेल्यावर कुणाच्या भरवशावर राहता येईल असं त्यांना वाटत होतं, यावर सगळं ठरलेलं दिसतं. अमेरिकेनं गुलामगिरी पाहिली, यादवी युद्ध पाहिलं. माणसाला कामाशी बांधून ठेवणं हेच तिथं पाप ठरलं. मग 1877 मध्ये होरेस वूड नावाच्या वकिलानं मालक-नोकर कायद्यावरच्या ग्रंथात मांडलं की मुदत ठरलेली नसेल तर दोघांपैकी कुणीही, केव्हाही, कारण न देता संबंध तोडू शकतो, आणि न्यायालयांनी ते उचलून धरलं. नोकराला सुटायची मोकळीक आणि मालकाला काढायची, असं ते समान वाटणीचं दिसतं. दोघांच्या खिशात सारखेच पैसे असते तर समान झालंही असतं. पुढं वंश, धर्म, लिंग यावरून काढायला बंदी आली, पण मूळ तेच राहिलं. पन्नास राज्यांत एकट्या मोंटानानं 1987 मध्ये योग्य कारणाशिवाय काढायला मनाई करणारा कायदा केला, आणि गंमत म्हणजे त्याला मालकांचाही पाठिंबा होता. कारण तिथले ज्युरी काढलेल्या कामगारांना मोठमोठ्या रकमा द्यायला लागले होते आणि कायद्यानं भरपाईला मर्यादा घातली. भ्यालेला पक्ष बदलला की कायदा बदलतो.

जर्मनीनं 1951 मध्ये कायदा केला तेव्हा तो देश ढिगाऱ्यातून उठत होता आणि शेजारी कम्युनिस्ट राजवट उभी होती. तिथं दहाहून जास्त माणसं असलेल्या ठिकाणी सहा महिने झाल्यावर सबळ कारण लागतं. धंदा बसला म्हणून माणसं कमी करायची तर कुणाला काढायचं याचाही हिशोब: वय किती, नोकरी किती वर्षं, घरात खाणारी तोंडं किती, अपंगत्व आहे का. हे वाचून मला ओसरीवरचा तो म्हातारा आठवला. त्याचेही प्रश्न याहून फार वेगळे नसायचे.

जपानची गोष्ट मला सगळ्यात आवडते. तिथल्या कोची शहरातल्या आकाशवाणीचा एक निवेदक दोन आठवड्यांत दोनदा झोपून राहिला आणि सकाळच्या बातम्या वेळेवर गेल्या नाहीत. त्याला काढलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1977 मध्ये न्यायमूर्तींनी सांगितलं की चूक आहेच, पण त्याला उठवायची जबाबदारी ज्याची होती तो सहकारीही झोपलेलाच होता, आणि त्या सहकाऱ्याला नुसती ताकीद मिळाली. तेव्हा एवढ्यासाठी नोकरीवरून काढणं हा अधिकाराचा गैरवापर आहे. आमच्या स्टाफरूममध्ये ही गोष्ट सांगितली तेव्हा पहिल्या तासाला हमखास उशिरा येणारे एक सर म्हणाले, "देश चांगलाय." पण त्याच जपानची पुढची गोष्ट त्यांना सांगितली नाही. 1986 मध्ये तिथल्या एका रंगाच्या कंपनीतल्या माणसानं दूरच्या शहरातली बदली नाकारली. घरी म्हातारी आई, नोकरी करणारी बायको, लहान मुलगी. त्याला काढलं, आणि त्याच सर्वोच्च न्यायालयानं ते योग्य ठरवलं. कंपनी तुम्हाला सोडणार नाही, त्या बदल्यात ती पाठवील तिथं जायचं. ती आई माझ्या डोक्यातून अजून गेली नाही.

कारण आमच्याकडं सगळं तिथंच अडतं. अल्बर्टो अलेसिना आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी मांडलंय की ज्या समाजात घराचे बंध घट्ट, तिथली माणसं घरापासून लांब जायला तयार नसतात. मग गावातला मालक त्यांना अडवून पिळू शकतो, म्हणून ती नोकरीला कायद्याचं संरक्षण मागतात. भूमध्य समुद्राकाठचे देश त्यात चपखल बसतात. मी हे वाचलं तेव्हा मला परभणी-नांदेडकडची घरं दिसली. "पुण्याला जाऊ नको, इथंच बघ काहीतरी, पण पर्मनंट बघ" हे वाक्य मी किती पालकांच्या तोंडून ऐकलंय. इथंच बघ आणि पर्मनंट बघ, ही एकच मागणी आहे. तरी या सिद्धांतात माझं मन पूर्ण रमत नाही. धारूरच्या कोयत्यांचे कुटुंबाचे बंध काही कमी नाहीत. ते वर्षातले कित्येक महिने कोल्हापूर-सांगलीकडं नाहीतर कर्नाटकात पाचटाच्या खोपीत काढतात आणि त्यांना कुठल्या कायद्यानं जवळ केलं नाही. संरक्षण मागणारे पुष्कळ असतात. ते मिळतं ज्यांना एका गेटपाशी जमता येतं त्यांना.

आपल्याकडंही तसंच झालं. 300 किंवा त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्याला माणसं कमी करायची किंवा टाळं लावायचं तर सरकारची आधी परवानगी हवी, हे कलम आलं 1976 मध्ये, म्हणजे भर आणीबाणीत. संपांवर वरवंटा फिरत होता, कामगार पुढारी आत होते, आणि त्याच हातानं हे कवच दिलं गेलं. बोलू नका, पण नोकरी राहील. पुढं 1982 मध्ये दुरुस्ती झाली आणि 1984 पासून ही मर्यादा 100 वर आली. मग वाळूज-चिकलठाण्यात काय, देशात सगळीकडंच, एका कंपाउंडमध्ये एकाच मालकाच्या तीन नावांच्या पाट्या दिसायला लागल्या, आणि हजेरीपटावर 99 माणसं. इटलीत 1970 च्या कायद्यानं 15 हून जास्त कामगार असलेल्या ठिकाणी अन्यायानं काढलेल्याला परत घ्या असं सांगितलं, तर तिथले छोटे कारखानदार 15 वर अडखळायला लागले अशी ओरड झाली आणि 2012, 2015 मध्ये तो कायदा ढिला करण्यात आला. आपल्याकडं 21 नोव्हेंबर 2025 पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि आकडा फिरून 300 वर आला. आमच्या भाच्याला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "मामा, मी शंभरातबी नव्हतो आन तीनशेतबी न्हाई. मी ठेकेदाराचा." त्याला सोबतच लागू झालेल्या दुसऱ्या संहितेतलं नियुक्तिपत्राचं मात्र ऐकून बरं वाटलं. मुदतीची नोकरी असली तरी वर्षभरात ग्रॅच्युइटी लागू होते, हेही. पाव्हण्यांना दाखवायला कागद तरी होईल, म्हणाला.

हे सगळं एकीकडं. दुसरीकडं माझ्या पगारपत्रकात एक ओळ आहे, तिच्याकडं मी बरीच वर्षं बघितलंच नव्हतं. व्यवसाय कर, 200 रुपये. फेब्रुवारीत 300. वर्षाचे 2500.

हा कर महाराष्ट्रात 1975 मध्ये आला तो रोजगार हमी योजनेसाठी. 1972 च्या दुष्काळात माझी आई खडी फोडायला जायची. ती सांगते, उन्हात दगडाचा चटका हातोड्याच्या दांड्यातून वर यायचा, कपचा डोळ्यात जायच्या म्हणून बाया पदर तोंडावर घ्यायच्या, आणि दुपारी सुकडी मिळायची, ती गोडसर वासाची, पोरांसाठी पदरात बांधून आणायची. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी खाऊन कंटाळली होती माणसं, पण खायला ती होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ती योजना 1977 मध्ये कायदा झाली आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाली. ग्रामीण भागातल्या कुणाही प्रौढ माणसानं काम मागितलं की 15 दिवसांत ते द्यायचं, नाहीतर बेकारभत्ता. माझा शाळेचा कायदाही 1977 चाच. एकाच सरकारी छापखान्यात ते छापले गेले असतील. एकानं सांगितलं, ही खुर्ची याची, कुणी हात लावायचा नाही. दुसऱ्यानं सांगितलं, खुर्ची नसली तरी माणूस उपाशी मरता कामा नये.

डेन्मार्कनं दुसरा रस्ता धरला आणि सोडला नाही. तिथं 1899 साली मालकांनी महिनोन्‌महिने टाळेबंदी केली, शेवटी सप्टेंबरात तडजोड झाली: काम कसं चालवायचं हा अधिकार मालकाचा, आणि संघटनेला मान्यता मालकानं द्यायची. आजही तिथं माणसाला काढणं युरोपातल्या बऱ्याच देशांपेक्षा सोपं आहे. पण काढलेला माणूस बेकारी निधीचा सभासद असेल तर त्याला आधीच्या पगाराच्या 90 टक्क्यांपर्यंत, ठरावीक कमाल मर्यादेत, दोन वर्षांपर्यंत पैसे मिळतात, आणि नवं काम शिकवायला सरकार मागं लागतं. त्यासाठी कर भरतात, आणि भरपूर भरतात. आपल्या रोहयोत शिकलेल्या पोरासाठी जागाच नव्हती, तिथं फक्त खोरं-टिकाव. आयटीआय झालेला आमचा भाचा ब्रेकच्या आठवड्यांत नाला बंडिंगवर जाणार नाही, आणि त्यानं का जावं? 2005 मध्ये केंद्राचा कायदा आला, आपली योजना देशाची झाली, पण ती खड्ड्यापलीकडं गेली नाही. आणि व्यवसाय कराची वर्षाला 2500 ही कमाल मर्यादा 1988 च्या घटनादुरुस्तीत ठरली ती तिथंच आहे. माझा पगार मात्र एका जागी थांबलेला नाही.

मागच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत मी स्टाफरूममध्ये हा विषय काढला. म्हटलं, आपले 200 चे 1000 झाले, आणि त्यातून ब्रेकवरच्या, तासिकेवरच्या पोरांना रिकाम्या महिन्यांत निम्मा पगार मिळायला लागला, तर आपली तयारी आहे का? संघटनेचं काम बघणारे सर म्हणाले, आधी जुनी पेन्शन, मग बाकीचं. दोघी मॅडम म्हणाल्या, आम्ही देऊ, पण ते त्यांच्यापर्यंत पोचणार आहे का? उशिरा येणारे सर जपानबद्दल आणखी काही माहिती आहे का विचारत होते. मग सगळ्यांनी आपसूक माझ्या बाजूच्या खुर्चीकडं बघितलं. तासिकेवरचा तो पोरगा वह्या तपासत होता. लाल पेनाला टोपण लावत म्हणाला, "सर, रिकाम्या महिन्यांचं नंतर बघू. शिकवलेल्या महिन्यांचं मागच्या वर्षीचं मानधन आधी निघू द्या."